ब खोलीतला खेळ

सबनीसांचा खेळ तिसऱ्यांदा गोठला तेव्हा सकाळचे पावणेआठ वाजले होते, आणि साडेनवाला बारा माणसं तो खेळायला येणार होती.

पडद्यावर आमचा पहारेकरी एक पाय हवेत धरून उभा होता. त्याच्या मागचं आभाळ फार देखणं होतं. गेले अकरा महिने ते आभाळच देखणं होत होतं.

“आता?” मी विचारलं.

“आता परत चालू करायचं,” सबनीस म्हणाले. “दर वेळी थोडं पुढे जाऊन बंद पडतंय. म्हणजे प्रगती आहे.”

कोल्हापुरात उद्यमनगरात, एका लेथच्या कारखान्याच्या माडीवर आम्ही ‘तटबंदी’ नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ बनवत होतो. त्याचे सहा भाग निघाले होते. सहाही भागांत एक पहारेकरी झोपेतून उठायचा, विहिरीवर तोंड धुवायचा, बुरुजाच्या पायऱ्या चढायचा आणि उजाडेपर्यंत शत्रूला वर येऊ द्यायचा नाही. उजाडलं की खेळ संपला. पुढच्या भागात तो परत उठायचा. दुकानदार सीडी देताना विचारायचे, “कितवा देऊ?” आणि गिऱ्हाईक म्हणायचं, “नवा द्या, पण तसलाच.”

हा खेळ एकट्या हेर्लेकर सरांनी लिहिला होता. पॉलिटेक्निकमधली नोकरी सोडून त्यांनी पहिला भाग केला, आणि तेव्हापासून त्या खेळाच्या पोटात काय आहे हे फक्त त्यांना ठाऊक होतं. मी मराठीत एम. ए. करून एका दैनिकात मुद्रितं तपासत होतो. तिथून मला त्यांनीच उचलून आणलं. खेळातला मजकूर लिहायचा आणि चाचणीची मशीन तयार ठेवायची, अशी माझी नोकरी. मजकूर म्हणजे दर भागाला चार वाक्यं. त्यातली पहिली दोन “ऊठ. शत्रू आला.” अशी होती. मी दर वेळी नवी लिहून न्यायचो. सर चष्मा वर करून वाचायचे आणि म्हणायचे, “सुंदर आहे. पण त्याला उठवायचंय रे मगदूम, निजवायचं नाहीये.”

सबनीस हैदराबादेहून आले ते वेगळंच बोलत. त्यांच्या सातव्या भागात पहारेकऱ्याला आई होती, फितूर भाऊ होता, भूतकाळ होता. त्यासाठी चाळीस हजार शब्द लागणार होते. मी तीस हजारांपर्यंत पोचलो होतो.

सातवा भाग सरांच्या पद्धतीचा काढायचा की सबनीसांच्या, यावर ऑफिसात वर्षभर दोन पंगती बसत होत्या. शेवटी आमचे मालक रणधीर शिरोळकर यांनी निकालाची तारीख ठरवली. खालचा कारखाना त्यांच्या वडिलांचा, वरचा खेळ त्यांचा. ते म्हणाले, “शनिवारी बारा जुने खेळणारे बोलवा. अ खोलीत सरांचा सातवा, ब खोलीत सबनीसांचा. दोन्ही खेळू देत, मिसळ खाऊ देत, हात वर करू देत. सरांना हात जास्त पडले तर सबनीस, तुमची हैदराबादची गाडी. तुम्हाला पडले तर सर, तुमचा झोकात सत्कार.”

सरांना तेव्हा सत्तावन्नावं चालू होतं. सत्कार म्हणजे काय हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्या संध्याकाळी जिना उतरताना मला एवढंच म्हणाले, “घरी बसून काय करतात रे माणसं?”

तर त्या शनिवारी सबनीसांनी चौथ्यांदा खेळ चालू केला आणि तो विहिरीपाशीच बंद पडला. प्रगती संपली.

सबनीस खुर्चीत मागे रेलले. “मगदूम, सरांचा सातवा तुमच्याकडे आहे ना?”

“आहे की. अ खोलीत भरलाय.”

“तोच ब मध्ये भरा. वर माझं आभाळ चढवा. माझे कपडे, माझं संगीत, माझी नावाची पाटी. पायऱ्यांवर धुकं सोडा, म्हणजे जुनं काम दिसायचं नाही.”

“अहो, पण तो सरांचा खेळ...”

“आजच्या दिवसापुरता हो. माझा खेळ आहेच की. चालत नाही, एवढंच.” मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “नाहीतर तुमचे चाळीस हजार शब्द घेऊन मी हैदराबादला जाऊन काय करू? तिथं मराठी कोण वाचतंय?”

मी नाही म्हणालो नाही. विचार करायला वेळच नव्हता, असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो. चांगली नव्वद मिनिटं होती.

बरोबर साडेनवाला मंडळी आली. इचलकरंजीचे औषधवाले आवटी, गडहिंग्लजच्या पोस्टातल्या चौगुले बाई, जयसिंगपूरहून दोन भाऊ, कॉलेजची पोरं, एक निवृत्त फौजदार. सगळी सहाही भाग कोळून प्यायलेली. आवटी जिन्यातच सुरू झाले. “हे बघा मगदूम, ह्या खेपेला कायतरी बदला. किती वर्षं तीच विहीर? माझी बायको म्हणती, त्या गड्याचं तोंड अजून धुऊन झालं न्हाई व्हय?”

“आणि बदललं तर शिव्या घालाल,” फौजदार म्हणाले.

“घालणारच. तो आमचा हक्क हाय.”

चाचणीच्या दिवशी सरांची एक रीत होती. सगळे पडद्याकडे बघायचे, पण सर बघत नसत. ते लाकडी स्टूल ओढून टेबलाच्या कडेला, खेळणाऱ्याच्या कोपराजवळ बसत आणि त्याची बोटं बघत. पडदा कुणीही रंगवतं, ते म्हणत, पण खेळ असतो तो बोटांत.

त्या बोटांना एक खास सवय होती. बुरुजाच्या सातव्या पायरीवर पहारेकऱ्याला ठेच लागायची. पहिल्या भागात सरांची बेरजेत चूक झाली होती, त्यामुळे. बटण दाबून धरलं तर पहारेकरी खाली कोसळायचा. क्षणभर बोट उचललं तर तो नुसता वाकायचा आणि डोक्यावरून बाण निघून जायचा. दुसऱ्या भागात सरांनी चूक दुरुस्त केली, तर महिन्याभरात दोन पिशव्या पत्रं आली. ठेच परत द्या. तिसऱ्या भागात सरांनी चूक परत घातली, आणि त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही. गावोगावची माणसं सातव्या पायरीला बोट उचलत होती, देवळात शिरताना चप्पल काढावी तशी.

सर आधी अ खोलीत बसले. तिथं आवटी खेळत होते.

“तेच ते,” आवटी म्हणाले. “आवाज तेच, पळणं तेच. सर, राग मानू नका, पण शिळं झालंय हो.”

“राग कसला,” सर म्हणाले. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

अर्ध्या तासानं अदलाबदल झाली. आवटी ब खोलीत गेले. सर त्यांच्यामागून स्टूल घेऊन गेले. सबनीस दारात हाताची घडी घालून उभे होते, मी भिंतीला टेकून. आभाळ आलं, संगीत आलं, आवटींनी पहारेकऱ्याला चार पावलं पळवलं आणि ओरडले, “आयला! ह्येला म्हणत्यात खेळ! पळायला कसं मोकळं वाटतंय बघा. मघाशी पायात बेड्या घातल्यागत होतं.”

जयसिंगपूरचा थोरला भाऊ म्हणाला, “शत्रूलापण डोकं आलंय ह्यात. मागच्यातले नुसतेच चढायचे.”

“तर! मेंढरंच होती ती,” आवटी म्हणाले.

शत्रू तेच होते. तितकेच होते. त्याच दगडावरून चढत होते.

फौजदार मात्र चिडले. “सगळा इस्कोट केलाय ह्यांनी! बाण बघा, कुठनं येतोय? मूळ खेळात असा येत नव्हता.” बाणही तोच होता.

चौगुले बाई दोन्ही खेळून शांतपणे बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मला तर दोन्ही एकच वाटले बाई. ह्यात जरा निळं जास्त आहे.” सगळे हसले. सबनीसांनी त्यांच्या कागदावर ‘गोंधळलेल्या’ असं लिहिलं.

मी सरांकडे बघत होतो. ते स्टुलावर वाकून बसले होते. ब खोलीत आवटींची बोटं धुक्यात पायऱ्या चढली आणि एका ठिकाणी क्षणभर उचलली गेली. आवटींना कळलंसुद्धा नाही. पुढच्या डावात ते कुणाशी तरी बोलत होते, बोट उचलायचं राहिलं, आणि पहारेकरी कोसळला. “हात् तिच्या!” आवटी म्हणाले. सरांनी मान वर केली आणि तास-दीड तासात पहिल्यांदाच पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मिसळ आली तेव्हा ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. “मगदूम, ब चं मशीन कुणी भरलं?”

“मी, सर.”

“तू होय. मग बरं आहे.” त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला. त्यांनी एरवी वर्ज्य असलेला कट मागून घेतला, दुसरा पाव घेतला, आणि आवटींना जवळ बोलावून विचारलं, “मोकळं वाटलं म्हणालात, ते नक्की कुठं हो?” आवटी रंगात येऊन सांगत राहिले. आपल्या मुलीला बघायला आलेले लोक तिचंच कौतुक शेजारणीची मुलगी समजून करत असावेत, तसे सर ऐकत होते. त्यांना वाटलं होतं की मी काहीतरी गंमत केली आहे आणि मीच ती योग्य वेळी फोडणार आहे.

हात वर झाले. ब ला दहा, अ ला एक, तो फौजदारांचा. चौगुले बाईंनी दोन्ही वेळा केला. तो धरला नाही.

पाहुणे गेल्यावर आम्ही चौघे शिरोळकरांच्या केबिनमध्ये बसलो. शनिवारची अर्धी सुट्टी. खालचे लेथ बंद झाले होते आणि माडी फार शांत वाटत होती. शिरोळकर बोलायला अवघडत होते. “सर, आता लोकांनीच... म्हणजे मी काय कमी केलं नव्हतं...”

“रणधीर, एक मिनिट,” सर म्हणाले. ते हसत होते. “मला आनंदच झालाय. दहा जणांनी हात वर केले ना, तो खेळ माझाच आहे. ब खोलीतला. वरचं आभाळ ह्यांचं आहे, ते छानच आहे. पण खालचा खेळ माझा. म्हणजे बघा, लोकांना नवं दिसायला हवं असतं आणि हाताला जुनं. आम्ही दोघं मिळून करू ना सातवा! भांडण कशाला?”

शिरोळकरांनी सबनीसांकडे बघितलं. सबनीस खिडकीतून कारखान्याचे पत्रे बघत होते. “सर, असं कसं असेल?” ते पत्र्यांना म्हणाले.

“असं कसं म्हणजे? ठेच आहे त्यात. माझी चूक आहे ती, मी ओळखणार नाही? आणि माझं नका ऐकू हवं तर.” सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ह्याला विचारा. मशीन ह्यानं भरलंय. मगदूम खोटं बोलणार नाही.”

“बोल मगदूम,” शिरोळकर म्हणाले. “तू सांगशील ते फायनल.”

सरांचा हात खांद्यावर होता. माझ्या टेबलाच्या खणात तीस हजार शब्द होते. त्यात पहारेकऱ्याची आई त्याला निरोप देते तो प्रसंग मला विशेष साधला होता.

“नाही, सर,” मी म्हणालो. “नवाच होता.”

हात होता तिथंच राहिला.

“मग ठेच?”

“ती मुद्दाम ठेवली होती. सबनीसांनी. जुन्या लोकांचा हात बसलेला असतो म्हणून.”

कुणी विचारलं नसतानाही मी पुढे म्हणालो, “धुकंही त्यासाठीच. ठेच दिसू नये, पण लागावी.” खोटं टिकायचं तर त्याला तपशील लागतो. कंपनीत मी सांगितलेली आणि लोकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलेली ती पहिलीच गोष्ट.

सरांनी हात काढून घेतला. चष्मा काढला, परत लावला. “असं होय,” ते म्हणाले. “मला वाटलं...” मग सबनीसांकडे वळून, “चांगलं केलंत. ठेच ठेवलीत ते. मला खरंच वाटलं माझाच आहे. बोटं अगदी तशी...” आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले.

“होतं सर असं,” शिरोळकर हळू आवाजात म्हणाले. “इतकी वर्षं एकाच गोष्टीत घातल्यावर होतं.”

सत्कार झोकात झाला. शाल चांगल्यापैकी होती.

सबनीसांचा खेळ त्यानंतर चौदा महिने चालला नाही, आणि एके दिवशी सबनीस त्याहून मोठ्या पगारावर बंगळुरूला निघून गेले. शिरोळकरांनी मला बोलावलं. “त्या शनिवारी लोक जे खेळले ते तर चालत होतं ना? तेच विकू.” मी तेच भरून दिलं. आता ते काय आहे हे जाणणारा ऑफिसात मी एकटाच उरलो होतो. वेष्टनावर ‘संपूर्णपणे नवा’ असं छापलं. संपूर्णपणे नवा म्हटल्यावर श्रेयनामावलीत सरांचं नाव कसं राहणार? ते काढलं. माझ्या शब्दांना त्या खेळात जागाच नव्हती, कारण तो लिहिणाऱ्यानं मजकुराला चार ओळींपुरतीच जागा ठेवली होती. “ऊठ. शत्रू आला.” खाली माझं नाव, लेखक म्हणून.

सातवा भाग आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त खपला. मालिकेनं बदलायचं धाडस दाखवलं, असं पेपरात आलं. आठव्याच्या वेळी मला बढती मिळाली. सरांना भेटायला जायचं रोज ठरवत होतो. ते मिरजेला मुलीकडे राहायला गेल्याचं कळलं, मग ते दूर पडायला लागलं. मिरज कोल्हापूरपासून तासाभरावर आहे.

चार वर्षांनी एका दुपारी फोन आला. “मगदूम काका, मी मृण्मयी. हेर्लेकरांची.”

सर गेल्याचं मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. मी जे बोलायचं असतं ते बोललो. तिनं ऐकून घेतलं.

“काका, एक विचारायचं होतं. सातवा भाग आला ना, तो बाबांनी पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून आणला. खेळले आणि मला हाक मारून म्हणाले, मृण्मयी, हा माझा आहे. मला वाटलं कौतुकानं म्हणतायत. पण मग रोजच. कोण घरी आलं की त्याला बसवायचे खेळायला, आणि त्याच्या हातांकडे बघत राहायचे. गॅसवाल्यालासुद्धा बसवला एकदा. लोक यायचे बंद झाले.”

“हं.”

“डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आयुष्यभराचं काम हातातून गेलं की होतं असं, माणूस दुसऱ्याच्या कामाला आपलं म्हणायला लागतो. गोळ्या दिल्या. त्यानं झोपून असायचे दिवसभर. जरा तरतरी आली की पुन्हा तेच. मग मी म्हणायचे, बाबा, मगदूम काकांनी सांगितलंय ना तुम्हाला की तो तुमचा नाही? तेवढं ऐकलं की गप्प व्हायचे. म्हणायचे, हो, मगदूम खोटं बोलणार नाही. मग माझंच काहीतरी बिघडलंय.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं तो बंद केलेला मला ऐकू आला.

“आता खोली आवरताना वह्या सापडल्या. चार आहेत. सातव्या भागातली एकेक गोष्ट घेऊन, ती मी कुठल्या साली कशी लिहिली होती, ते सगळं मांडलंय. आकडे आहेत, आकृत्या आहेत. मला काही कळत नाही त्यातलं. पण अक्षर कसं नीट आहे, काका. डोकं फिरलेल्या माणसाचं असतं का असं? गोळ्यांचा डोस वाढवा म्हणून डॉक्टरांच्या मागे मीच लागले होते. शाळा, मुलं, मला झेपत नव्हतं. नंतर नंतर त्यांना चमचासुद्धा धरता येत नव्हता. म्हणून एकदाच विचारते. बाबा म्हणत होते ते खरं होतं का?”

माझ्यासमोर नवव्या भागाची तयारी पसरली होती. खाली लेथ चालू होते, त्यामुळे मला जरा वेळ घेता आला. खरं सांगितलं तर ते तिला जन्मभर पुरलं असतं. नाही सांगितलं तर माझ्या सोयीचं होतं. त्या दिवशी या दोन्ही गोष्टींचं उत्तर एकच येत होतं, आणि त्यात मला आधार वाटला, हेही लिहून ठेवतो.

“नाही, मृण्मयी,” मी म्हणालो. “तो खेळ नवा होता. डॉक्टरांचं बरोबर होतं. तू योग्य तेच केलंस.”

ती रडली, पण थोडा वेळच.

“बरं झालं विचारलं,” ती म्हणाली. “महिनाभर झोप नव्हती मला. मग ह्या वह्या काढून टाकू ना रद्दीत? उगाच डोळ्यांसमोर येतात.”

“टाक,” मी म्हणालो.